दिवस मावळायच्या आत

नशिराबादच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत गेलं की शेतांच्या मधोमध मुलींची एक निवासी शाळा लागते. सरकारी नाही, कुण्या पुढाऱ्याचीही नाही. चार हट्टी बायांनी पदरमोड करून काढलेली. इथल्या नववीतल्या मुलीला सायकलचं पंक्चर काढता आलं नाही, तर ती गणितात नापास झाल्यासारखी तोंड लपवते. भिंत लिंपणं, ठिबकच्या नळ्या जोडणं, सगळ्या शाळेचा स्वयंपाक रांधणं, सारं मुलीच करतात आणि मग एका पंगतीला बसून जेवतात. शाळा बघायला आलेले पाहुणे त्या पंगतीचे हौसेने फोटो काढतात. त्या फोटोंत विधी कुठेच नसते.

विधी सावद्याची, भिकमचंद किराणावाल्यांची नात. त्यांच्या घरी चौविहार पाळतात, म्हणजे सूर्य मावळल्यावर तोंडात ना अन्न ना पाणी. कांदा, लसूण, वांगं तर घरात येतच नाही. खानदेशात जन्म घ्यायचा आणि वांगं खायचं नाही, ही तशी मोठीच शिक्षा! पण सावद्याला असताना तिला कधी तसं वाटलं नाही. दादीपासून धाकट्या अर्हमपर्यंत सगळेच उजेडी जेवत, त्यामुळे त्याला नियम म्हणतात हेसुद्धा तिला शाळेत आल्यावर कळलं.

जूनमध्ये ती आली तेव्हा दिवस मोठा होता. तिची शेवटची पोळी संपेपर्यंत बाकीच्या हात धुवून यायला लागायच्या, चार शब्द व्हायचे. दिवाळीनंतर दिवस आखडला आणि तिचं जेवण आणखी अलीकडे सरकलं. मुली मैदानावर आरडाओरडा करत असायच्या आणि रिकाम्या भोजनगृहात विधी एकटी ताटावर बसायची. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुगंधाबाई तिच्यासाठी वेगळी भाजी करून वाढायच्या आणि लगेच कामाला लागायच्या. सुरुवातीला विधी रात्रीही पंगतीत नुसती जाऊन बसे. पण समोरचा उपाशी बघत असला की घास घशाखाली उतरत नाही. मोहिनी एकदा म्हणालीच, ‘‘तू बघत बसतेस ना, आम्हाला कसंतरीच होतं गं.’’ ती वाईट मनाने बोलली नव्हती. म्हणून तर भांडताही येईना. विधीने पंगतीत जाणं सोडलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना वाटलं, हिला एकटं राहायला आवडतं.

मार्गशीर्षात भरिताचा शनिवार आला आणि रांधायची पाळी विधीच्या गटाची निघाली. गटाची प्रमुख साक्षी, धुळ्याकडच्या खेड्यातली. वर्गात ती पुस्तकी मराठी बोले, पण खुशीत आली की अहिराणीवर घसरे. ‘‘तू भाकरीकडे जा, वांग्याला हात नको लावू,’’ ती विधीला म्हणाली.

‘‘हात लावून नियम मोडत नाही. तोंडात गेलं तर मोडतो,’’ विधी म्हणाली.

मग दोघी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला बसल्या. धुराने डोळे चुरचुरले, बोटं पोळली, सालं काढता काढता दोघी काळ्या माकडिणी झाल्या. लाकडाच्या खोलगट बडगीत साक्षी मिरची-लसूण ठेचायची आणि विधी वांगी. मीठ विधी टाकायची, पण चाखणार कशी? ती चिमूटभर टाकून साक्षीच्या तोंडाकडे बघत राही.

‘‘कमी शे,’’ साक्षी बोट चाटून म्हणे. ‘‘आखो थोडं टाक.’’

पुन्हा चिमूट, पुन्हा बोट. शेवटी साक्षीने डोळे मिटले आणि मान डोलावली. ‘‘आते बरोबर शे! तुन्हा हातले चव शे, विधी.’’

विधी हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हातचं तिच्याशेजारी बसून खाल्लं होतं. तेवढ्यावरच पोरीने मनाशी ठरवून टाकलं, आज पंगतीत बसायचं. भरीत खायचं. अंधारात, सगळ्यांबरोबर, लसणासकट. दादीला काय सांगायचं ते उद्या बघू. ऊन कलल्यावर सुगंधाबाईंनी तिचं ताट करायला घेतलं, तेव्हा तिने ‘‘आज भूक नाही, मावशी’’ म्हणून त्यांना थांबवलं. भूक नव्हती कशी? पोटात कावळे कोकलत होते. आपणहून पानावर बसायची मात्र तिची छाती नव्हती. कुणीतरी एकदा ये म्हणायला हवं होतं, बस एवढंच.

दिवस मावळला. पंगत बसली. विधी भाकरीची टोपली घेऊन वाढायला उभी राहिली. भरिताला मुलींनी दोनदा दाद दिली, आणि मोहिनीने सरकून शेजारी जागा केली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या तुकड्यावर भरीत घेऊन तिने हात वर केला. ‘‘विधी, ये ना गं. एकच घास. केलंस तू आणि चव आम्ही घ्यायची?’’

विधीने टोपली खाली ठेवली आणि हात पुढे केला.

‘‘ए मोहिनी!’’ साक्षी पलीकडून ताडकन उठली. ‘‘तिना नियम शे. मोडू नको.’’ मग ती सगळ्या पंगतीकडे वळली. दुपारपासून मैत्रीण झालेल्या मुलीची बाजू घेताना तिचा आवाज चढला होता. ‘‘दिवसभर वांग्यात हात घालून बसली, पण एक कण तोंडात नाही टाकला हिने. आपल्यातल्या एकीला तरी जमेल का? यापुढे कोणी हिला आग्रह करायचा नाही. कधीच नाही. सांगून ठेवते.’’

मोहिनीने ओशाळून तो घास स्वतःच्या पानात ठेवला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. सगळ्या विधीकडे आदराने बघत होत्या. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

साक्षी जवळ आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, ‘‘तुन्हं जेवन व्हयी गयं ना?’’

‘‘हो,’’ विधी म्हणाली. ‘‘मघाशीच.’’