लाल ठिपक्याखालचा स्क्रू

मी एक जुना स्क्रू आहे, मित्रांनो. एवढे ऐकून काहींची निराशा झाली असेल. निदान एखादी तोफ तरी बोलायला हवी होती, असे वाटले असेल. पण तोफेला ऐकवायची सवय फार. मी थोडक्यात आटोपतो.

माझी उंची करंगळीच्या नखाएवढी. सायकलच्या मागच्या चाकाला लहानमोठी नऊ दातेरी चक्रे असतात. त्यांच्यावरून चेनला इकडून तिकडे नेणारा एक लोंबता हात असतो. त्याला सगळे गिअर म्हणतात आणि वाहवा त्याचीच होते. त्या हाताने आत कुठवर जायचे, ते मात्र मी ठरवतो. सर्वांत मोठ्या चक्रापलीकडे चाकाचे स्पोक फिरत असतात. चेन तिथे पडली, तर चाक जागच्या जागी अडते. वर बसलेला माणूस मात्र पुढे जात राहतो. म्हणून मी दाराशी उभा राहून म्हणतो, ‘बस्स. इथवरच.’ जन्मभर मी हे एकच वाक्य बोललो आहे.

कारखान्यात एका मिनिटाला आम्ही शंभर भावंडे जन्मलो. त्यामुळे बारशाचा प्रश्न आला नाही. पुढे एका घड्याळजींनी आपल्या नर्स लेकीसाठी ही सायकल आणली आणि माझे नशीब उघडले. त्यांनी घड्याळाचा बारीक स्क्रूड्रायव्हर माझ्या डोक्यावर टेकवला, श्वास रोखला आणि मला पाव फेरा फिरवले. मग कान लावून चेन ऐकली. मग आणखी एक केसभर. मी थक्क झालो. माझ्या पाव फेऱ्यावर एका माणसाचे हातपाय शाबूत राहणार होते! त्या क्षणापर्यंत मी स्वतःला लोखंडच समजत होतो.

बसवलेल्या स्क्रूवर रंगाचा थेंब ठेवायचा, ही घड्याळजींची धंद्यातली सवय. मला लाल ठिपका मिळाला.

“अहो, ती माझी नेलपॉलिश!” आतून आवाज आला.

“एकच थेंब घेतला.”

“लग्नाच्या वाढदिवसाला जन्मात एकदा काही आणलंत, तेही स्क्रूला लावलंत!”

त्यानंतर अकरा वर्षे लेक औषधांची पिशवी घेऊन डोंगरावरच्या वस्तीत जात राहिली. शेवटचा चढ असा उभा, की सर्वांत मोठ्या चक्राशिवाय सायकल हलत नसे. रोज तिथे मी माझे वाक्य म्हणे. ते कुणाला ऐकू येत नसे. ऐकू आले नाही, म्हणजे काम चोख झाले असे समजावे.

मग चाके झिजली आणि नवी आली. मित्रांनो, ते नवे चाक मी पाहतच राहिलो! प्रत्येक स्पोक उन्हाची ताणून बांधलेली रेघ. दुकानदाराने ते बसवले. गिअर कटकट करू लागले, तेव्हा त्याने केबलची घुंडी थोडी फिरवली आणि कटकट थांबली. माणूस हुशार होता. शेवटी तो माझ्यापाशी वाकला, लाल ठिपका पाहिला आणि आदराने मागे सरला. म्हणाला, “ह्याला सील आहे. कंपनीचं सेटिंग दिसतंय, हात नको लावायला.”

शिक्का दिसला की माणसे प्रश्न विचारत नाहीत. अनेक कार्यालयांच्या भिंतींना टेकून उभा राहिलो असल्याने हे मला नवे नव्हते.

पण नव्या चाकाची चक्रे जुन्यापेक्षा दीड मिलिमीटर बाहेर बसली होती. म्हणजे माझे ‘इथवरच’ आता दीड मिलिमीटर उशिरा येणार होते. हे मला कळत होते आणि सांगता येत नव्हते.

दुपारी सायकल घरी आली. घड्याळजींच्या दोन्ही डोळ्यांपुढे आता धुके असते. त्यांनी सायकल स्टँडवर चढवायला लावली आणि विचारले, “मोठ्या चक्रावर टाकून बघितलं का त्यांनी?”

“नाही बाबा. सील आहे म्हणाले.”

“सील? कुठल्या गाढवाने लावलं?”

आई आतून बाहेर आली.

“माझ्या नेलपॉलिशने,” आई म्हणाली, “तुम्ही.”

घड्याळजी जरा सावरून बसले. “मी लावलंय? मग बरोबरच असणार. तरी फिरव एकदा. उद्या लसी घेऊन चढायचंय तुला.”

लेकीने पेडल फिरवले आणि मोठ्या चक्रावर चेन टाकली. टिंग! चेन दात्यांच्या वरून घसरू पाहत होती, आणि लोंबता हात स्पोकला चाटून गेला होता. तिने चटकन पेडल थांबवले. तिला दिसले, त्यांना ऐकू आले.

“असू दे बाबा,” ती हळूच म्हणाली, “शेवटचा चढ मी चालत जाईन.”

“अकरा वर्षं बरोबर होतं ते,” घड्याळजी म्हणाले. मग त्यांनी नव्या चाकावरून बोट फिरवले. म्हणाले, “चाकच बदललं. आता कुठलं बरोबर! अगं, ते नेलपॉलिश पुसायचं आण बरं.”

“अकरा वर्षांनी परत करताय होय!” आई म्हणाली, पण धावत जाऊन घेऊन आली.

त्यांनीच लावलेला ठिपका त्यांनीच पुसला. अंगठ्याच्या नखाने माझी खाच चाचपली आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. लेक हळूहळू पेडल फिरवू लागली. पाव फेरा. टिंग बारीक झाली. आणखी थोडे. टिंग गेली. आता लेकीने लोंबता हात आत ढकलून पाहिला, तरी तो पुढे जाईना. धुक्यात बसलेला म्हातारा नुसत्या कानाने केसभर अंतर मोजत होता, आणि मी लोखंडाचा असून मला गहिवरून आले.

आई नेलपॉलिशची बाटली घेऊन उभीच होती. “लावू ठिपका?”

“नको. पुढच्याला वाटेल, बघायचं काही उरलं नाही.”

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर चेन मोठ्या चक्रावर चढली. हात आत झेपावला. मी म्हणालो, ‘बस्स. इथवरच.’ लेक न उतरता वर पोचली. तिथे मुलांनी लस टोचून घेताना भोकाड पसरले. इतके गोड संगीत मी क्वचितच ऐकले आहे.

तेव्हा मित्रांनो, आपल्या सायकलींना तेल द्या, पावसात ठेवू नका, हे तर खरेच. पण चाक बदललेत, तर मलाही एकदा विचारा. आणि कुणी मोठ्या माणसाने ‘हे कायमचं बसवलंय’ असे सांगितले, तर त्याला नमस्कार करा आणि पेडल फिरवून बघा.