तीन बोटं विभूती

"अप्पा, डाव्या डोळ्यात खडा गेल्यावानी टोचायलंय," ईश्वरी म्हणाली, आणि संगमेशअप्पांनी लेकीच्या तळहातावर एकाऐवजी दोन कॅप्सूल ठेवल्या.

"अशक्तपना हाय. लेसरनं डोळ्यातली ताकद वढून घेतलीय. भरून निगंल."

नांदूरघाटच्या मेडिकल दुकानात अप्पा बावीस वर्षं काउंटरवर उभे होते. दुकान दुसऱ्याचं, डिग्री तर नव्हतीच. पण अर्धं गाव त्यांना डॉक्टर म्हणे आणि अप्पांनी कधी नको म्हटलं नाही. व्हिटॅमिनवर त्यांचा भारी जीव. कुणाचे केस गळू देत की पोरगं नापास होऊ दे, अप्पांचा हात त्याच डब्याकडे जायचा.

ईश्वरी खो-खो खेळायची. जाड भिंगांचा चष्मा नाडीने डोक्याला बांधून पळायची, तरी राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. मग खांबाजवळ पडून चष्मा फुटला, भुवई फाटली, आणि अप्पांनीच तिला पुण्याला नेऊन चष्मा घालवायचं लेसर करून आणलं. शिबिर महिन्यावर होतं. डॉक्टरांनी कागद दिला: थेंब वेळेवर टाका, डोळे चोळू नका, पाणी, काजळ, पावडर, धूळ दूर ठेवा. अप्पांनी पावडरचा डबा माळ्यावर टाकला. अंगण झाडणं बंद केलं. थेंब घड्याळ बघून स्वतः टाकले. असा बाप शोधून सापडला नसता, आणि वाईट तेच होतं.

कारण सकाळची पूजा कशी चुकणार? विभूती लावल्याशिवाय त्या घरात कुणी घास तोंडात घालत नसे. पुण्याहून आल्यापासून तर अप्पा तीन बोटं चांगली भरून तिच्या कपाळावर ओढत, आणि देवाने डोळे सांभाळावेत म्हणून पापण्यांवरूनही एकेक बोट फिरवत. ईश्वरी डोळे मिटून बसे. विभूतीला धूळ म्हणायचं, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

लेसरनंतर सातव्या दिवशी अप्पांची बायको दानम्मा म्हणाली, "अवो, पोरगी उजेडाला तोंड फिरवायलीय. पुन्याला फोन लावा की."

"बावीस वर्षं दवाया इकायलोय मी! तू शिकवायलीस मला?"

"शिकवत न्हाई. भ्याव वाटायलंय."

भीती अप्पांनाही वाटत होती. त्यांनी त्या दिवशी तिसरी कॅप्सूल दिली आणि दुसऱ्या सकाळी विभूती आणखी दाट लावली.

नवव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. तेव्हा मात्र अप्पांनी जीप केली.

पुण्याच्या डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला.

"बुबुळावरचा पापुद्रा उचलून आपण लेसर केलं होतं. तो नीट बसायच्या आत खाली काहीतरी गेलंय. बारीक, राखट. जंतूही शिरलेत. पावडर लावली होती का?"

"न्हाई साहेब. डबा मीच माळ्यावर टाकला. निस्त्या ताकदीच्या गोळ्या दिल्या, येळेवर."

"गोळ्यांनी हे थांबत नसतं. टोचायला लागलं त्या दिवशीच आणायला हवं होतं."

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांची नजर अप्पांच्या कपाळावर थांबली, मग ईश्वरीच्या. दोघांचे पट्टे सकाळचेच होते. अप्पांना सगळं कळलं. त्यांचा हात कपाळाकडे निघाला आणि अर्ध्यावरच राहिला.

डोळा धुतला, इंजेक्शनं झाली, बारा दिवस दवाखान्यात गेले. उजवा वाचला. डाव्याला उजेड आणि सावली, एवढंच उरलं.

शिबिर सुरू व्हायच्या सकाळी अप्पा आंघोळ करून कोऱ्या कपाळाने देवापुढे बसले होते. विभूती समोर होती आणि हात मांडीखाली दाबलेले. ईश्वरी येऊन पुढ्यात बसली. सवयीने तिने डोळे मिटले.

"लावा की, अप्पा."

"न्हाई माय. जळो माजा हात."

"कावून? आता त्या डोळ्यात काय जानार हाय?"

अप्पा ढसाढसा रडले. दानम्मा स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहिली.

ईश्वरीने डोळे उघडले. तीन बोटं विभूतीत बुडवून बापाच्या कपाळाकडे नेली. अंतर चुकलं. बोटं आधी कानशिलाला लागली, मग चाचपत कपाळावर आली. पट्टे वाकडे उठले.

अप्पा तसेच दुकानात गेले. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले बबनराव म्हणाले, "अप्पा, पट्टे लई वाकडे झालेत की आज."

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "पोरीनं लावलेत."