तिसऱ्यांदा इचारल्यावर

ऐक, गीते. फक्त ऐक. मधात बोलू नको, फोन पालथा ठेव, अन् तो समोसा खा, थंडा होऊन राहिला. आपल्या आकांक्षाचं सांगून राहिली मी. तुले एवढंच माहीत आहे का तिले हॉलंडमधी बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली. अवं, लागली त्याचं काहीच नाही. लागल्यावर जे झालं ते ऐक.

आकांक्षा तं तुले माहीतच आहे. अमरावतीची पोट्टी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मिरचीच्या बियाण्यावर पीएचडी केली. तिच्या आंगाले लग्नातही मिरचीचा वास येऊन राहिला होता, असं तिचा नवराच सांगते. नवरा म्हंजे किशोर. हिवरखेडचा, अकोल्यात ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमधी इंजिनियर आहे. लग्नाले दीड वर्ष झालं नसंन. दोघं अजूनही एका ताटात जेवतात, अन् कोणी हसलं तं म्हणतात, भांडे कमी घासा लागतात.

तं नोकरी पक्की झाली अन् शेवटचा व्हिडिओ कॉल ठरला. समोर योहाना. ही म्हंजे आकांक्षाची होणारी साहेब. उंच बाई, पांढरे केस, हसते भल्ली मोकळी. पगाराचं बोलणं झालं, कामाचं झालं, मंग योहाना म्हणे, इंग्रजीत बरं, मी तुले आपल्या भाषेत सांगून राहिली, "तुझा नवरा येईल का संगं? त्याच्यासाठी कंपनीकडून काही मदत पायजे का?"

आता गंमत पाह्य. लॅपटॉपच्या मांगं, कूलरजवळ, किशोर उभा. वरून इस्त्रीचा शर्ट, टाय, खाली बर्मुडा. आकांक्षानं हाक मारली का लगेच खुर्चीवर येऊन बसायची तयारी. त्यानं महिनाभरापासून मोबाइलवर डच शिकाले घेतलं होतं. सकाळी वर्कशॉपमधी गेला का ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवून "खुडेमोर्खन!" म्हणे, म्हंजे डचमधी गुड मॉर्निंग. कारागीर लोक त्याले खुडेमोर्खन साहेबच म्हणाले लागले.

अन् आकांक्षा काय म्हणाली? म्हणाली, "नाही नाही, काही नको. आम्ही करून घेऊ."

अवं, तशीच वाढली नं ते! आपण सगळ्याच. कोणाच्या घरी गेलो, चहा घेता का म्हटलं, तं आपण काय म्हणतो? नाही नाही, आत्ताच झाला. घरून निघताना घोटभर पाणीही पेलं नसते. मंग घरची बाई म्हणते, असं कसं, घ्या थोडासा. आपण म्हणतो, नाई हो, खरंच नको. मंग ते गॅस पेटवतेच. तं आकांक्षा "नको" म्हणून गोड हसून बसली, आता योहाना गॅस पेटवन म्हणून वाट पाहून राहिली.

योहाना म्हणे, "मस्त!" अन् पुढच्या मुद्द्यावर गेली.

झालं. संपलं. आकांक्षाचं तोंड तसंच उघडं राहिलं. मनात म्हणून राहिली, अवं बाई, अजून एकदा इचार नं! तिकडं किशोरनं हळूच टाय सैल केला.

चार दिवसानं कंपनीचं मेल आलं. जानेवारीत रुजू व्हायचं. एकीचं तिकीट. राहाले एक खोली, किचन दुसऱ्या तीन जणींसंगं. नवऱ्याले पुढं बोलवायचं असंन तं एक वर्ष झाल्यावर, त्याचे कागद, त्याचा खर्च, सगळं तुमचं तुमी पाहा.

किशोरनं मेल वाचलं अन् म्हणे, "भल्ली बढिया! जा तू. मी येईन मांगून. वर्ष म्हंजे काय, असं जाते."

"तुले काही वाटत नाई?" आकांक्षानं इचारलं.

"मले? कायले वाटंन? नाई नाई."

अन् तवा आकांक्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, का आपला नवराही डिक्टो आपल्यासारखाच आहे. हा "नाई नाई" म्हणते, अन् कोणी दुसऱ्यांदा इचारंन म्हणून वाट पाहते. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमधी गेला अन् कोणत्याच ट्रॅक्टरले खुडेमोर्खन म्हटलं नाही. कारागिरानं घरी फोन केला, "वहिनी, साहेबाची तब्येत बरी आहे नं?"

आता मेल करून सांगायचं, का बाई, मी नको म्हटलं पण मले पायजे होतं, तं कोणत्या तोंडानं सांगायचं? लिहून राहिली, मिटवून राहिली. एकदा लिहिलं, खूप नम्र झालं, त्यात मागणंच सापडेना. एकदा लिहिलं, तं जशी भांडाले उठली. अन् वरून भेव, का ही बोलून पलटते म्हणून नोकरीच दुसऱ्या कोणाले देऊन टाकली तं? तिच्या मिरचीचंच काम होतं नं तिकडं. तिनं ज्याच्यात इतके वर्षं डोळे फोडून घेतले, तेच काम. ते सोडावं कसं, अन् किशोरले सोडावं कसं? दोन्हीकडून जीव टांगणीले.

अन् तेवढ्यात काय झालं, सांग! नाई, सांगू नको, मीच सांगते. योहानाच अकोल्याले आली! विद्यापीठात मिरचीचे वाफे पाहाले. अन् म्हणे मले एखाद्या शेतकऱ्याचं वावरही पाहू दे. आता आकांक्षाच्या सासऱ्याचं, नत्थुजीचं, हिवरखेडले मिरचीचं वावर आहेच. ठरलं.

आकांक्षानं सासूले, जमुनाबाईले, फोन केला. "आई, एक पाहुणी आणून राहिली. पण ऐका, त्या लोकायमधी नाही म्हंजे नाहीच असते. आग्रह करू नका. बिलकूल नका करू."

"हाव हाव," जमुनाबाई म्हणे. "आग्रह कोन करते?"

वावरात लिंबाच्या झाडाखाली गवऱ्याची आर पेटवून कणकीचे रोडगे भाजाले लावले होते. वांग्याची भाजी, वरण, अन् तूप तं अख्खी बरणी. योहाना वावर पाहून आली, मिरच्या तोडून तोडून पाहिल्या, बी मोजलं, लय खूश. सतरंजीवर मांडी घालून बसली. गुडघे तिचे कानाले लागून राहिले होते, पण बसली. पहिला रोडगा चुरला, वरण घेतलं, तूप घेतलं, डोळे मिटून खाल्ला. गोळ्यासारखा जाड एक रोडगा खाल्ला का आपलंही पोट तट्ट होते, तुले माहीत आहे. तिनं हात वर केले. "थँक्यू. नो मोर."

जमुनाबाईनं दुसरा रोडगा ताटात टाकला.

"नो, नो! रिअली!"

"खा वं माय," जमुनाबाई म्हणे, "अशानं वाढशीन कशी?" सहा फूट बाईले!

योहानानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. पूर्ण ताट झाकलं. अन् जमुनाबाईनं काय करावं? तुपाची धार सोडली, बोटायच्या फटीतून! बोटावरून तूप, मनगटावरून तूप, घड्याळात तूप. नत्थुजी शांतपणे म्हणे, "वाढ, वाढ, लाजून राह्यली थे." आकांक्षाले वाटलं, जमीन फाटावी अन् आपण त्याच्यात आपल्या मिरचीसकट जावं. गेली नोकरी. तुपात गेली.

योहाना हात पाहून राहिली. मंग आकांक्षाकडं वळून म्हणे, "यांना माझं 'नो' समजलं नाही का?"

अन् आकांक्षाच्या तोंडून निघूनच गेलं. तिनं ठरवलं नव्हतं, मले आईशप्पथ सांगितलं तिनं. "समजलं," म्हणे, "त्याईले इंग्रजी नाई येत, पण नो समजते. पण आमच्याकडं पहिला नाही म्हंजे नाही नसते. तो मान असतो. दुसराही मानच. माणूस खरं काय ते तिसऱ्यांदा सांगते. अन् जो पहिल्याच नाहीवर थांबला, त्याच्याबद्दल आमी म्हणतो, का याले द्यायचंच नव्हतं."

 जमुनाबाईनं तुपाची बरणी खाली ठेवली.

योहानानं ताट बाजूले सरकवलं. म्हणे, "त्या दिवशी कॉलवर तू म्हणाली, काही नको."

आकांक्षानं मान खाली घातली. कान लाल.

"किती वेळा इचारलं होतं मी?"

"एक," आकांक्षा म्हणे. आवाज चिमणीएवढा.

अन् योहाना हसली नं गीते! अशी हसली, अशी हसली, का तुपाचा हात कपाळाले लावून बसली अन् कपाळही चमकाले लागलं. नत्थुजीले काही समजलं नाही, तरी तेही हसले. मंग योहाना सरळ किशोरकडं वळली. तो बिचारा पाण्याचा गडवा घेऊन उभा. "किशोर," म्हणे, "तुले आकांक्षासंगं यायचं आहे का?"

आता सोन्यासारखी वेळ आहे का नाही? इचारून राहिली का नाही? अन् हा माणूस म्हणते, "नो नो मॅडम! नो प्रॉब्लेम! आय विल कम लेटर!"

"काय म्हने तो?" नत्थुजीनं इचारलं.

"मी मांगून येतो म्हणते," आकांक्षा दात खाऊन म्हणे.

"अबे बयताडा!" नत्थुजी उठूनच बसले. "मांगून बैल येते गाडीच्या!"

"बैल समोर असते बाबा," किशोर हळूच म्हणे.

"तं तू त्याच्याहूनही गेला!"

योहानानं दोन बोटं वर केली. "दुसऱ्यांदा इचारून राहिली. किशोर, यायचं आहे?"

किशोरनं तोंड उघडलं. त्याची जीभ वर गेली, टाळूले लागली, अन् आकांक्षाले दिसलं, का हा आता पुन्हा न चा उच्चार करून राहिला. तिनं आरेतून काढलेला अर्धा रोडगा उचलला, अन् त्याच्या तोंडात कोंबला. सासूसमोर. "अहो, खा!"

अन् मंग स्वतः बोलली. एका दमात, आगगाडीसारखी. "आमाले एकाच विमानानं यायचं आहे. दोघायचे कागद कंपनीनं संगंच भरावे. घर दोघायचं पायजे, लहान असलं तरी चालंन, पण किचन आमचं. याले डच शिकाचा क्लास पायजे. अन् तिकडं ट्रॅक्टरच्या लाईनमधी काम शोधाले कोणीतरी मदत करणारं पायजे, कारण हा इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगते, अन् वर्षभर घरी बसला तं माझं डोकं उघडून दुरुस्त करंन."

जमुनाबाई म्हणे, "लय मोठं मागून राह्यली का वं?"

"हाव, आई."

"मांग, मांग," जमुनाबाई म्हणे, अन् योहानाच्या वाटीत गुपचूप वरण वाढलं.

योहाना आता हसत नव्हती, इचार करून राहिली होती. म्हणे, घराचं होते. तिकिटाचं होते. क्लासचं तं आमीच देतो, कोणी मागतच नाही. काम शोधाची मदत, ते मले वर भांडून आणा लागंन, पण आणीन. "पण एक गोष्ट आहे," म्हणे. "दोघायचे कागद आता नव्यानं भरले तं जानेवारी साधत नाही. एप्रिल उजाडते. अन् मिरचीचं काम जानेवारीतच सुरू होते, ते थांबवता येत नाही, दुसऱ्याले द्या लागंन. तुले एप्रिलमधी काकडीचं काम भेटंन. पगार तोच. पण मिरची नाही. सांग, जानेवारीत एकटी, का एप्रिलमधी दोघं? अन् मले उत्तर आजच पायजे. उद्या मी मुंबईहून विमानात बसणार."

काकडी, गीते! ज्या पोरीनं मिरचीसाठी डोळ्यातून पाणी काढलं, खरंखुरं, तिले काकडी!

किशोरच्या तोंडात रोडगा. त्याले बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. हातानं सांगून राहिला होता, जा, जा, जानेवारी, जा. दोन्ही हातानं, जशी बस पार्किंगमधून मांगं घेतात तसा. अन् डोळे मात्र दुसरंच काही सांगून राहिले होते. रोडग्याच्या चुऱ्यानंही भरले असतीन म्हणा.

आकांक्षानं वावराकडं पाहिलं. लाल मिरच्या लटकून राहिल्या होत्या. मंग त्या फुगलेल्या गालायकडं पाहिलं.

"एप्रिल," म्हणे.

योहाना म्हणे, "नक्की?"

"एप्रिल."

मंग योहानानं तीन बोटं वर केली, तुपानं चकाकणारी. "तुमच्याकडं तिसऱ्यांदा इचारा लागते नं? आकांक्षा, जानेवारी का एप्रिल?"

"एप्रिल," आकांक्षा म्हणाली अन् रडता रडता हसाले लागली, अन् किशोरनं कसाबसा घास गिळला अन् पहिला शब्द काय बोलला? "खुडेमोर्खन!" दुपारचे दोन वाजले होते.

जमुनाबाईनं तिसरा रोडगा उचलला. योहानानं पाहिलं, उसासा टाकला, अन् स्वतःच ताट पुढं केलं.

आता फेब्रुवारी चालू आहे. दोघायचे कागद गेले, घराचे फोटो आले, किचनची खिडकी एका कालव्यावर उघडते. वर्कशॉपमधले सगळे ट्रॅक्टर आता दोनदा नमस्कार घेतात. मिरचीचं काम दुसऱ्या एका पोरीले भेटलं. तिच्या वाफ्याचा फोटो परवा आकांक्षानं मोबाइलवर पाहिला, मोठा करून करून पाहिला, मंग फोन ठेवला अन् काकडीचं पुस्तक उघडलं. तिच्या विद्यापीठातले सर म्हणतात, चुकली. तिची आई म्हणते, बरोबर केलं. किशोर म्हणते, मले कायले इचारता, माझ्या तोंडात रोडगा होता.

तू सांग. तू असती तिच्या जागी, तं काय केलं असतं?

नाई, ते खांदे उडवणं बंद कर, ते पहिल्यांदाचं झालं. खरं सांग, गीते. काय केलं असतं तू?