धुकेरीचा हंगाम

डोंगरावरच्या विश्रामगृहाच्या दारात वाटाड्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : ‘धुकेरी पाहण्याचा उत्तम काळ, कोरडे चार महिने.’ धुकेरी म्हणजे या ढगाळ जंगलातला निळ्या पाठीचा, लाल गळ्याचा, भलताच लाजरा पक्षी. बारा वर्षं वाटाड्या पाहुण्यांना त्याच्याबद्दल छातीठोकपणे सांगत आला होता. खरं सांगायचं तर त्यानं तो एकदाही पाहिला नव्हता. शीळ ऐकली होती, एकदा शेपटी दिसल्यासारखी वाटली होती, बाकी सगळा तोंडाचा पट्टा. ‘तो बघा, गेला’ म्हणण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तीन वर्षं कोरड्या महिन्यांत आल्या आणि तिन्ही खेपांना हात हलवत परत गेल्या. यंदा त्या भर धुक्यात येऊन थडकल्या.

“पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, त्यानंतर डोंगर विसरा. आत्ता दिसला तर दिसला.”

त्यांच्यासाठी वाटाड्या खाली गावातून मुद्दाम वर आला होता. दोन दिवस त्यानं त्यांना जपून फिरवलं. दिसलं फक्त धुकं, आणि मिळाल्या त्या जळवा.

दुसऱ्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात चुलीपाशी मोजे वाळवत बसला होता. विश्रामगृहाचं स्वयंपाकघर बाराही महिने त्याची वहिनी सांभाळायची. त्याचं रडगाणं ऐकून ती कांदा चिरता चिरता म्हणाली, “तो लाल गळ्याचा ना? धुकं उतरलं की तोही खाली उतरतो. रोज सकाळी मागच्या झाडावर फळं खायला येतो की.”

“वहिनी, मग बारा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?”

“रस्त्यावर चिखल झाला की तुम्ही खाली गावात पळता, भाऊजी. सांगू कुणाला? शिवाय एवढी पाटी रंगवलीत, म्हटलं तुम्हाला ठाऊकच असणार.”

वाटाड्याचा चेहरा खर्रकन उतरला. रस्ता कोरडा असला की पाहुणे येत, म्हणून तोच पक्ष्याचाही हंगाम, असं त्यानं खुशाल धरून टाकलं होतं.

सकाळी बाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बाकावर बसल्या. वाटाड्या मागे उभा. बाहेर नुसतं पांढरं. मग फांदी हलली, आणि हातभर अंतरावर तो येऊन बसला. पाठीवर पाण्याचे थेंब होते. फळ गिळताना लाल गळा टम्म फुगला. दुर्बिणीची गरजच पडली नाही. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. वाटाड्याला तर श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पक्षी उडाल्यावर बाईंनी विचारलं, “कोरड्या महिन्यांतही असाच दिसतो का हो?”

थाप अगदी ओठांवर आली होती. ती त्यानं गिळली. “बाई, मीही आज पहिल्यांदाच पाहिला.”

“ते मला पहिल्याच वर्षी कळलं. छत्तीस वर्षं वर्गावर काढलीत मी. अभ्यास न केलेलं पोर मला पाठमोरंही ओळखू येतं.”

“मग दरवर्षी माझ्याबरोबरच का फिरलात?”

“तो दिसला असता, तर माझ्याइतकं हरखून जाणारं तुमच्याशिवाय दुसरं कोण होतं इथं?” बाई बाकावर जराशा सरकल्या. “बसा. झाडावर अजून पुष्कळ फळं आहेत.”