बुजगावण्याचा पत्ता

उशीखाली दाबून ठेवलेला फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला, तेव्हा वाचनबाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि माईक बंद केला. करारभंगाच्या धड्यातलं ते वाक्य चांगलं पाच ओळींचं होतं. एका दमात म्हणायचं म्हणून त्यांनी छातीभर श्वास भरून घेतला होता, तो सगळा फुकट गेला. आवाज बाहेर राहावा म्हणून दाराला टांगलेली रजई बाजूला सारून त्या पुढच्या खोलीत आल्या आणि उशी उचलून त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो," त्या जरा तुसडेपणानेच म्हणाल्या.

"कॉम्प्युटर चालू आहे का?"

ना नमस्कार, ना नाव. पण आवाज ओळखायला वाचनबाईंना नाव लागत नसे. हा आवाज या घरात बरीच वर्षं वावरला होता आणि गेली दोन वर्षं त्यांनी तो ऐकला नव्हता. मुलाची पहिली बायको.

"चालू आहे. माझं रेकॉर्डिंग..."

"मागची निळी वायर काढा, इंटरनेटची. आधी काढा, मग बोलू."

वाचनबाई गेल्या, टेबलाखाली वाकल्या, गुडघा कुरकुरला तिकडे लक्ष न देता वायर उपटली आणि परत आल्या.

"काढली."

"नक्की? मोडेमचा दिवा गेला?"

"गेला. काय झालंय काय?"

"आज कुठली जोडलेली फाईल उघडलीत का? नवीन, न मागवलेली?"

उघडली होती. एका कॉलेजच्या पत्त्यावरून मेल आला होता, 'सुधारित अभ्यासक्रम' असं वर लिहिलेलं. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून त्यांनी घाईघाईने उघडली. आत काहीच नव्हतं. नसेल जोडली नीट, असं म्हणून त्या वाचायला बसल्या होत्या.

"तो व्हायरस होता," पलीकडून आवाज आला. "तुमच्या नावाने तुमच्या यादीतल्या सगळ्यांना मेल पाठवतोय. काही गेले असतील. सगळ्यांना फोन करून सांगा, उघडू नका म्हणून. अ पासून सुरू करा."

"अगं पण तुला कसं..."

"ते राहू दे. आधी फोन करा, आ..." शब्द मधेच गिळल्यासारखा झाला. "करा लवकर." आणि फोन ठेवला गेला.

वाचनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांची नोकरी बस स्थानकावर घोषणा करण्यात गेली. जन्मभर लोकांना गाडी उशिरा येणार असल्याचं गोड आवाजात सांगितलं, आता जरा कामाचं काही सांगावं, असं म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी हे वाचन अंगावर घेतलं. ज्यांना दिसत नाही अशांसाठी त्या पुस्तकं मोठ्याने वाचत, धडा रेकॉर्ड करत आणि मेलला जोडून पाठवत. विद्यार्थी होते, नोकरदार होते, नुसती गोष्टींची आवड असलेले म्हातारे होते. नाव त्यांनीच पाडलेलं, वाचनबाई. आणि त्या सगळ्यांना एकच सवय लागली होती. वाचनबाईंचा मेल आला की जोडलेली फाईल उघडायची. कसली आहे, काय आहे, कोणी विचारत नसे. आंधळा विश्वास म्हणतात तो हाच, असा विनोद त्यांच्यातलेच काहीजण करत आणि स्वतःच हसत.

त्या लोकांचं सगळं कॉम्प्युटरमध्ये. पडद्यावरचं बोलून दाखवणारा तो कॉम्प्युटर बंद पडला की पुस्तक बंद, बँक बंद, नोकरी बंद. आणि हे सगळं परीक्षेच्या तोंडावर, वाचनबाईंच्या नावाने.

त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि अ पासून सुरुवात केली.

पहिले दोघे घरी नव्हते, त्यांच्या घरच्यांना निरोप दिला. तिसरीने उघडलं नव्हतं. मग लागला एका मोठ्या दवाखान्यातला टेलिफोन ऑपरेटर, सगळ्यांत जुना श्रोता.

"माझ्या नावाने मेल आलाय का?"

"आत्ताच आला. जेवायची सुट्टी झालीये, ऐकतच बसणार होतो."

"उघडलात?"

"बोट बटणावरच आहे, बाई."

"बोट उचला आधी."

"उचललं." मग जरा थांबून तो म्हणाला, "पण आता खाली कुठे ठेवू तेवढं सांगा."

वाचनबाई एवढ्या घाईतही हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले आणि पुढचा नंबर लावला. ऊन खिडकीवरून सरकून भिंतीवर गेलं तरी त्या बोलतच होत्या. स्थानकावरच्या नोकरीत एवढ्या घोषणा त्यांनी एका दिवसात कधी केल्या नसतील. शेवटचा फोन झाला तेव्हा घसा पार बसला होता, पण उघडलेला एकही सापडला नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातला दुरुस्तीवाला आला. माणूस कामाचा, पण तोंडाने फटकळ. कॉम्प्युटरला मास्तर लागतो तसा घरातल्या माणसांनाही लागतो, असं त्याचं ठाम मत होतं. तो बराच वेळ खुर्चीत पाय हलवत बसला आणि मग म्हणाला, "नशीब काढलंत. एकेका मेलला जड फाईल चिकटवत होता, आणि तुमची लाईन मुंगीच्या पावलाची. मोजकेच बाहेर पडले. बाकी सगळे पाठवायच्या पेटीत अडकून बसलेत, हे बघा. वायर अजून थोडी उशिरा काढली असती तर संपलं होतं."

"निघेल ना सगळं?"

"निघेल. तुमचे धडे आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घेतो, मग सगळं पुसून नव्याने घालतो. आणि कानाला खडा लावा. ओळखीच्याकडून आलं तरी न मागवलेली फाईल आधी फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही. तुमच्या लोकांनाही सांगा. धडा पाठवायच्या आधी त्यांना कळवत जा, अमुक दिवशी अमुक येतंय म्हणून." मग तो पडद्याजवळ वाकला. "हे काय? 'अ अ बुजगावणं'? हा कोण गृहस्थ?"

"कोणी नाही. खोटा पत्ता आहे तो."

मुलाच्या पहिल्या बायकोने घातला होता. ही खोली तिनेच लावून दिली, दाराला रजई तिनेच टांगली, माईक तिनेच आणला. यादी भरताना सगळ्यांत वर हे नाव टाकून ती म्हणाली होती, शेतात उभं करतात ना तसं हे. व्हायरस आला की पहिला यालाच धडकेल, खोट्या पत्त्यावरचा मेल परत येईल आणि आपल्याला कळेल. वाचनबाईंना ते फार आवडलं होतं. धडे पाठवताना त्या नेमाने बुजगावण्याला वगळत. त्याला कशाला कायद्याचा त्रास, असं म्हणून दोघी हसायच्या.

दुरुस्तीवाल्याने नाकातून आवाज काढला.

"ही युक्ती लोक एकमेकांना सांगतात हौसेने. काही उपयोगाची नाही. बहुतेक व्हायरस काही बाराखडी शिकून येत नाहीत, कुठूनही सुरू होतात. हा आपला जुन्या वळणाचा निघाला म्हणून वरून गेला. आणि मेल परत आला तरी तो बघणार कोण? तुम्ही तर आत दार लावून वाचत बसलेल्या." बोलता बोलता तो थांबला. त्याने काहीतरी उघडून पाहिलं, परत पाहिलं. "पण बाई, हा परत आलेलाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्ता खोटा नाही. चालू आहे. मेल पोचलाय तिथे. कोणाचा तरी आहे हा."

वाचनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

त्या पत्त्यावर कोण लिहिणार होतं? तो पत्ता जगात फक्त याच यादीत होता, आणि इथून तिथे कधी काही जात नव्हतं. तिथे काही आलं म्हणजे या घरात चोर शिरला, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती रिकामी पेटी कोणीतरी सांभाळून ठेवली होती. घर सोडून गेल्यावर, घटस्फोटाच्या सह्या झाल्यावर, मोबाईलचा नंबर बदलल्यावर, मुलाने तिचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकल्यावरही. तिला हे सगळं करायची काहीएक गरज नव्हती. वाचनबाईंना भरून आलं. इतकं कोणी आपलं राखत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

"उडवू का हे नाव?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"नको. पहिलंच राहू दे."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. झालेलं कळल्यावर तो आधी घाबरला आणि मग नेहमीप्रमाणे रागावला.

"पण वायर काढायचं तुला सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. तिने फोन करून सांगितलं."

कोण, असं त्याने विचारलं नाही. पलीकडे नवी सूनबाई भांडी लावत असल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "तिला सांग, मीही म्हणालो म्हणून."

सांगायचं खरं, पण कसं? जुन्या नंबरावर कधीच कोणी उचलत नव्हतं, आणि पुढच्या खोलीतल्या जुन्या फोनवर कोणाचा नंबर दिसत नसे. तिच्यापर्यंत जायची वाट एकच होती, आणि ती यादीत सगळ्यांत वर होती.

कॉम्प्युटर दुकानातून बरा होऊन आला त्या सकाळी वाचनबाई माईक बाजूला ठेवून लिहायला बसल्या. पहिलं नाव निवडलं. वर विषयाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'व्हायरस नाही.' खाली लिहिलं, 'फाईल जोडलेली नाही. मीच आहे. कोणाचंही नुकसान झालं नाही, सगळे वाचले.' मग लिहिलं, 'तुझी मी फार आभारी आहे,' आणि ते वाक्य त्यांना अगदी नकोसं वाटलं. घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? मानले की माणूस उंबऱ्याबाहेर उभं केल्यासारखं होतं. पण न मानावेत, तर ती आता आपली लागते कोण? सुनेचं नातं मुलाच्या हाताने आलेलं. मुलाने हात सोडला की मागे काय राहतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. भांडण त्या दोघांचं होतं. सासूसुनेत वाकडा शब्द गेला नव्हता, फक्त पुढचा शब्द कोणता ते दोघींनाही कळलं नव्हतं.

त्यांनी आभाराचं वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं, 'मुलगाही म्हणाला, बरं झालं.' खाली नाव घालायला गेल्या आणि तिथेच अडल्या. शेवटी नावाशिवायच पाठवून दिला मेल.

खुर्ची सरकवून त्या उठतायत तोच पुढच्या खोलीत फोन वाजला. उशीखालून.

"वायर काढा," पलीकडून आवाज आला.

"नाही काढणार. मीच पाठवलंय ते."

"वाचलं मी." आवाज तसाच कडक होता, पण आत कुठेतरी हसू होतं. "व्हायरस नाही असं व्हायरसही लिहील. कशावरून तुम्ही? खाली नाव नाही."

"काय घालायचं ते सुचेना." वाचनबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "अगं, तू ती पेटी अजून... मला काही माहीतच नव्हतं. मी तुझे आभार..."

"आभार मानणार असाल तर मीच इकडची वायर काढते."

"मग मी करू तरी काय?"

घोषणा करणाऱ्या बाईला ऐकून घेणं जड जातं, पण वाचनबाईंनी रिसीव्हर कानाशी दाबला.

"त्या दिवशी धडा अर्ध्यावर राहिला असेल ना तुमचा?"

"राहिलाय. करारभंगाचा."

"मग तो पुरा करा. मुलांची परीक्षा आलीये." आणि मग त्या दिवशी गिळलेला शब्द सहज, रोजचाच असल्यासारखा आला. "आणि गरम पाणी पीत जा, आई. आवाज बसलाय तुमचा."

फोन ठेवल्यावर वाचनबाई सवयीने उशी उचलून फोनवर ठेवायला गेल्या, आणि थांबल्या. उशी बगलेत घेऊन त्या आतल्या खोलीत आल्या, ती त्यांनी खुर्चीत पाठीशी घेतली, दाराची रजई अर्धी उघडी ठेवली, आणि माईक चालू करून ते पाच ओळींचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.