हवेतलं पाणी पिणारी मशीन

मित्रांनो, त्या नीलेशला कुणीतरी सांगा की माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवू नकोस. मी टेबल नाही. तो कप ठेवतो, वर टपली मारतो आणि बायकोला विचारतो, "दिवसभर घुरघुरते, हिला काम तरी काय?" मी एक जुनी मशीन आहे आणि मला काम आहे. मी हवेतलं पाणी पिते. समुद्रकाठच्या नवापूरच्या कोळीवाड्यात मीठसुद्धा डब्यात बसल्या बसल्या भिजतं. तिथे एका खोलीची हवा कोरडी ठेवायची म्हणजे काय, ते त्याने एक दिवस करून बघावं.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? जाणती झाले तेव्हा मी तारापूरच्या एका औषधांच्या गोदामात होते. गोळ्यांना दमट हवा लागू नये म्हणून मला तिथे ठेवलेलं. माझ्या पोटात एक टाकी आहे, प्यालेलं पाणी तिच्यात जमतं. ती भरली की मी आपोआप थांबते, नाहीतर सगळं जमिनीवर सांडेल. गोदामातला माणूस टाकी वेळेवर ओतायचा. साहेब आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, हिच्यामुळे माल टिकतो. मग तिथे मोठी मशीन आली आणि माझी रवानगी सरावलीच्या भंगारवाल्याकडे झाली. फ्रीजच्या मोडक्या दारांमध्ये मी धूळ खात पडले. ज्यांचा माल टिकवला त्यांच्यापैकी कुणी वळून बघितलं नाही.

तिथून मला समिधाने आणलं. ही नीलेशची बायको. भंगारवाला तिला म्हणाला, "पुरानी है बहनजी, पर पानी खूब खींचती है." पुरानी म्हटल्याचं मला लागलं, पण पुढचं खरं होतं.

समिधाने पॅकिंगची नोकरी सोडून घरातली मागची खोली घेतली होती. खिडकी बंद, वर रोपं वाढवायचे जांभळे दिवे, फळ्यांवर कुंड्या, कोपऱ्यात छोटा पंखा. कुंड्यांत विलायती तुळस, मुंबईच्या हॉटेलात पिझ्झ्यावर घालतात ती. तिचं पान फार नाजूक. हवा ओली झाली की त्यावर काळे डाग पडतात, मग बुरशी चढते आणि एकीची लागण दुसरीला होते. म्हणून समिधा पाणी सकाळीच घालायची, कुंडीला कुंडी चिकटू द्यायची नाही. दिवे बंद झाले की हवा गार होते आणि ओल वाढते, म्हणून झोपण्याआधी माझी टाकी रिकामी करायची. भिंतीवर ओल मोजणारा काटा होता. तो साठाच्या खाली असला की ती मला काही बोलायची नाही. आमच्यात कौतुक ते एवढंच.

त्या खोलीचा जांभळा उजेड बघून गल्लीत कुजबुज सुरू झाली, आत गांजा लावलाय म्हणून. नीलेशची आई हिरा, घर तिच्या शब्दावर चालतं. ती मूठभर पानं घेऊन ओट्यावर गेली.

"घ्या वास. मग तोंडं बंद ठेवा."

शेजारणीने हुंगून विचारलं, "कालवणात चालंल काय गो?"

"तुझ्या कालवणात काय बी चालतं," हिरा म्हणाली.

पण सुनेला तिने सवलत दिली नव्हती. "पाऊस सरेपर्यंत खोली तुझी. पाला टिकला तर पुढं बी तुझी. नाय टिकला तर आमची जाळी आत येतील." समिधाने मान हलवली. पाला टिकवायचा होता मला.

गणपती गेले, चार दिवस ऊन पडलं. नीलेशने अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातले. त्याच दिवशी समिधा हॉटेलच्या माणसाला भेटायला पालघरला गेली, तिथून मनोरला माहेरी गेली आणि पावसाने रात्री तिथेच अडकली. जाताना नवऱ्याला सांगून गेली होती, "टाकी तेवढी ओता."

संध्याकाळी आभाळ भरलं. नीलेशने अर्धे ओले बोंबील उचलले, माझ्या खोलीत दोऱ्या बांधल्या आणि जबड्यात जबडा अडकवून सगळे टांगले. "हवेतलं पाणी ओढते, मग यांचं बी ओढंल," असं म्हणून दार लावून गेला.

मित्रांनो, बोंबलात मासा कमी आणि पाणी जास्त. मी पीत राहिले. टाकी काठोकाठ भरली, बघायला कुणी आलं नाही आणि मी थांबले. मला दुसरं काही करता येत नाही. आम्हा मशीनींना फुलं वाहू नका, हात जोडू नका. पोट भरलं की रिकामं करा, धूळ पुसा. बाकी आम्ही बघतो.

सकाळी समिधा आली आणि तिने दार उघडलं. पानं काळी पडली होती, खाली लोंबत होती. मागून नीलेश आला, हिरा आली.

"मशीन जुनी हाय, बंद पडली," नीलेश म्हणाला.

समिधाने माझी टाकी ओढून काढली आणि त्याच्या पायापाशी ठेवली. पाणी त्याच्या बोटांवर सांडलं.

"पाला काय, परत उगवंल," तो म्हणाला. "बोंबील भिजले असते तर?"

हिराने दोरीवरचा एक बोंबील काढला, दाबला, नाकाशी नेला. बोंबील लिबलिबीत होता आणि त्याला तुळशीचा वास लागला होता.

"अत्तर लावलंस काय याला? बाजारात कोण घेईल हा?"

पाला टिकला नव्हता, ठरल्याप्रमाणे खोली जाणार होती. समिधा एकेक कुंडी उचलून दाराबाहेर ठेवू लागली, जाळ्यांना जागा करायला.

"ठेव ती जागेवर," हिरा तिला म्हणाली आणि लेकाकडे वळली.

"पाला पावसानं गेला असता तर खोली मी काढून घेतली असती. तो तू घालवलास. कोळणीच्या पोटी आलास नि बंद खोलीत बोंबील टांगलेस. वाऱ्याबिगर बोंबील सुकतो काय रे कधी? खोली समिधाची. जाळी तुझ्या खाटेखाली जातील, आणि नाय मावली तर तू ओट्यावर झोपशील."