पिवळे बल्ब

नवरा शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा पिल्लांची काळजी नको, असं सुकन्याला वाटलं. बिचारी तिथंच फसली.

अंथुर्णे गावात घरामागच्या शेडमध्ये तिनं गावरान कोंबड्यांची पिल्लं आणली होती. सासरे आबासाहेबांनी मोठ्या मिनतवारीनं होकार दिला होता: ही खेप जगली तर शेड तुझं, नाहीतर तिथं कांदा भरायचा. पिल्लांवर पिवळे बल्ब टांगले ते रणजितनंच. तेव्हा बायकोला कौतुकानं समजावलंही होतं, "आतली तार लई बारीक असती, विजेला सुखासुखी जाऊ देत न्हाय. त्या अडवण्यात तीच तापून पिवळी हुती. उजेड थोडका, बाकी सगळी ऊबच." पिल्लं त्या उबेला दाटीवाटीनं झोपायची आणि सुकन्या कामं सोडून बघत बसायची.

ऐन थंडीत तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ती एका मुक्कामासाठी बारामतीला गेली. संध्याकाळी फोन केला, तर रणजित म्हणाला, "सगळं बरं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं शेडचं दार उघडलं. आत लख्ख पांढरा उजेड होता आणि त्या उजेडात पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गारठून मेलेली. वर पिवळ्या बल्बांच्या जागी नवे एलईडी लटकत होते.

"आबांनी आणले," मागं उभा रणजित पुटपुटला. "म्हणाले, वीज कमी खात्यात, उजेड जास्त. मला लावाय सांगितले."

"ह्यानं ऊब येत न्हाय, ठावं हुतं तुमाला?"

"हुतं. पण आबांच्या तोंडाला कोण लागणार?"

सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात पोरांवर डाफरणारा हा माणूस बापापुढं आला की मुका!

तेवढ्यात आबासाहेब आलेच. "म्हणलं हुतं न्हवं, बाईमाणसाला हे जमायचं न्हाय."

"आबा, पिल्लं त्या जुन्या बल्बांवर जगत हुती. ह्यांना इचारा."

आबासाहेबांनी लेकाकडं पाहिलं. "काय रं? बल्बाचा काय संबंध?"

एक वाक्य. तेवढंच बोलायचं होतं त्याला. रणजित चपलेनं जमिनीवरचा भुसा उकरत राहिला.

"थंडीच लई पडली, आबा."

आबासाहेब कांद्याची जागा बघायला आत शिरले. रणजित घमेलं घेऊन पिल्लं उचलायला वाकला. सुकन्यानं ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"हात लावू नगा," ती म्हणाली. "मेली तरी माझी हायत."